अंतरपाटाआडची बोली

हसायचं ते शेवटी हसा, एवढी मेहेरबानी करा. आता जो गाढवपणा मी सांगणार आहे तो अख्ख्या धामणगावाला माहीत आहे, मोताळ्यात अर्ध्या लोकांना माहीत आहे, आणि प्रत्येकाने त्यात आपापलं तिखटमीठ घातलेलं आहे. मूळ माल मात्र फक्त माझ्याकडे. चहा येऊ द्या, सांगतो.

तर मी एका संघाचा मालक आहे. कबड्डी संघाचा. असे दचकू नका! टीव्हीवर कोट घालून टाळ्या वाजवतात ते मालक वेगळे. आमच्या संघाचं नाव ‘बुलंद बढे’, आणि मालक म्हणजे जो बनियनवर नंबर छापून आणतो, केळी आणतो, कुणाचा घोटा मुरगळला की त्याला मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेतो, तो. बाकी वेळ माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पण दुकानावर मला कुणी मालक म्हणत नाही. मैदानावर म्हणतात. आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडतं.

मैदान कुठलं? तर रफिकचाचांचं. गावाबाहेर, मोताळा रस्त्याला, ‘गुलशन मंडप, साऊंड अँड लॉन’. आमच्या भागातल्या सगळ्या लग्नांचा बाप म्हणजे ही कंपनी! मंडप त्यांचा, डीजे त्यांचा, नवरदेवाची बग्गी त्यांची, धूर सोडायचं मशीन त्यांचं. एकदा त्या मशीनने इतका धूर सोडला की वरमाला नवरीने करवल्याच्या गळ्यात घातली होती. असो, तो वेगळा किस्सा.

लग्न नसेल त्या दिवशी लॉनच्या मागची मोकळी जागा रफिकचाचा आम्हाला खेळायला देत. फुकट! माती इतकी मऊ की पोरं पडली तरी हसत उठायची.

आणि एक दिवस बातमी आली की चाचा कंपनी विकत आहेत.

गुडघे गेले होते त्यांचे. मुलगी जालन्याला, ती म्हणत होती आता माझ्याकडे या. सगळं विकायचं ठरलं, लॉनसकट. पाठोपाठ दुसरी बातमी आली. मलकापूरचा कुणी शेट येऊन जागा बघून गेला आणि त्याला तिथे गोदाम बांधायचं आहे.

गोदाम! म्हणजे आमची कबड्डी संपली. आमच्या संघाचा कॅप्टन इरफान. एरवी मैदानात वाघ, पण त्या दिवशी दुकानात येऊन नुसता खताच्या पोत्यावर बसून राहिला.

“मालक, आता कोठी खेळाव आपुन?”

“काई टेन्शन नोको घेऊ बे,” मी म्हणालो. “मी घेतो इकत.”

“काय घेता?”

“कंपनी!”

बोलून तर गेलो. पण एकदा मालक म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? आणि मनापासून सांगतो, ती पोरं संध्याकाळी मोबाईल सोडून मातीत लोळतात, ते बघून माझा दिवस सार्थकी लागतो. ते बंद पडू द्यायचं नव्हतं मला. पैशाची जुळवाजुळव कशी केली ते विचारू नका. दुकान आहे, थोडी जमीन आहे, पतसंस्थेत ओळख आहे. झालं.

फक्त एक करायचं होतं. सुनंदाला कळू द्यायचं नव्हतं.

सुनंदा म्हणजे माझी बायको. तिचा महिला बचत गट आहे, लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करून देतात बाया. गावात नाव आहे तिचं. पण कबड्डी म्हटलं की तिच्या कपाळावर आठी! “पोरं खेळतात ते समजते, तुमी काऊन उड्या मारता?” हा तिचा ठरलेला प्रश्न. अशा बाईला मी सांगणार की मी मंडप, डीजे, बग्गी आणि धुराचं मशीन विकत घेतोय? माझी छाती नव्हती तेवढी.

सौद्याच्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला.

“कोठी चालले?” सुनंदाने विचारलं.

“मोताळ्याले. खत कंपनीची मीटिंग हाये. संध्याकाय होईन.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “मी बी रोहिणखेडले जाऊन येतो. मायले भेटून लय दिवस झाले.”

देव पावला, मनात म्हटलं. घरात विचारायलाही कुणी नाही!

आता हा सौदा कसा होणार होता ते नीट ऐका, कारण सगळी गंमत तिथेच आहे. रफिकचाचांचे वडील बैलांचे व्यापारी होते. चाचांचा लिलावावर विश्वास नाही. चारचौघांत ओरडून बोली लावायची म्हणजे त्यांना अपमान वाटतो. त्यांनी किसनबुवांना बोलावलं. किसनबुवा म्हणजे बैलबाजारातले जुने दलाल. बैलांचा सौदा पाहिलाय कधी? तोंडाने भाव कुणी बोलत नाही. दोघांचे हात दुपट्ट्याखाली जातात, बोटं दाबली जातात, आणि वरून चेहरे असे की जणू एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी चालली आहे. किती बोटं दाबली ते त्या दोघांनाच ठाऊक.

तसाच हा सौदा करायचा, असं चाचांनी ठरवलं. वर किसनबुवांना बजावलं, “बोली लावनेवाला कौन, मले नाव नोको सांगू. वळखीचा निघाला तं मी शरमेनंच भाव उतरवीन. सौदा झाल्यावर बुलाव.” आणि स्वतः घरी जाऊन बसले.

किसनबुवांनी मला मागच्या फाटकाने आत घेतलं आणि ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत बसवलं. समोर मोठा आरसा, आरशाला चिकटवलेल्या कुठल्याशा नवरीच्या टिकल्या.

“समोरची पार्टी?” मी विचारलं.

“वधूपक्षात बसवली.”

“मलकापूरचा शेटच ना?”

किसनबुवा मिशीत बोट फिरवत म्हणाले, “भाऊ, माह्या धंद्यात जीभ नसते. बोटं असतात.”

एक बोट म्हणजे किती रक्कम, ते आधीच ठरलं होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, अजून माझ्या पोटात दुखतं. बुवांनी दुपट्टा टाकला, मी दोन बोटं दाबली. बुवा उठले, कमरेवर हात ठेवून वधूपक्षात गेले, परत आले.

“वर नेलं त्याईनं.”

मी आणखी एक दाबलं. बुवा गेले. बुवा आले.

“अजून वर नेलं.”

असं चालू झालं! मी वाढवायचो, तिकडून वाढायचं. मध्ये एकदा बुवा येताना हातात स्टीलचा डबा घेऊन आले. म्हणे समोरच्या पार्टीने शंकरपाळे पाठवलेत, रिकाम्या पोटी बोली लावू नये म्हणून.

शेट माणूस असून किती माणुसकी! मी एक तोंडात टाकला. खुसखुशीत! दुसरा टाकला.

“बुवा, विचारा बरं कोन्या हॉटेलातले हायेत. आमच्या घरी बनतात ते खाले बसलं का दात सांभाळा लागतात.”

“विचारू?” बुवा म्हणाले.

“विचाराच. अन् हे बी सांगा, का माह्या बायकोले शिकवा म्हणा एकडाव.”

बुवा गेले. या वेळी परत यायला जरा उशीरच झाला. आले ते मिशी दाबत आले.

“काय म्हणले शेट?”

“शेट काई नाई म्हणले. चार बोटं वर नेलं.”

चार! एकदम! माणूस चिडला की काय? शंकरपाळ्यांची तारीफ केली तर चिडायचं कारण काय? तुम्हीच सांगा, मला कसं कळावं?

आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि बुवा मटकन खुर्चीवर बसले. “भाऊ, माह्यानं आता चालनं होत नाई. शेवटची बोली हातावर हात करू. तुमी दोघं समोरासमोर.”

“चालन. पण मले त्याचं तोंड नाई पाह्याचं.”

“तोंड दिसू देतो काय मी!”

दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार होतं. तिथे आडपडदा पाहिजे. बुवांचा दुपट्टा आखूड पडला, म्हणून त्यांनी लॉनच्या कपाटातून काय काढलं असेल? अंतरपाट! कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, शंभर लग्नांच्या अक्षता खाल्लेला अंतरपाट. एक टोक दाराच्या खिळ्याला बांधलं, दुसरं बुवांनी हातात धरलं. त्याच्याखालून माझा हात तिकडे, तिकडचा हात इकडे, आणि दोन्ही हातांवर वरून दुपट्टा.

“हातावर हात असला का तोंड बंद,” बुवांनी दम भरला. “हा बाजाराचा नियम हाये.”

मी तो हात धरला. बापरे! काय तो हात! तळवा खरखरीत, बोटांवर भाजल्याचे चट्टे, पकड अशी की माझी बोटं कडकडली. या माणसाने आयुष्यभर पोती उचलली असणार, अशी माझी खात्री पटली. मनात आलं, बोटांनी हा आपल्याला ऐकणार नाही. याला बोलूनच वितळवला पाहिजे. आपण दुकानदार, आपली जीभ काय नुसती पान खायला आहे?

“शेट,” मी हळूच म्हणालो, “हात तं हमालावानी हाये तुमचा. लय कष्ट केलेले दिसता.”

तिकडून दोन बोटं कचकन दाबली गेली. वाढ!

“भाऊ, तोंड!” बुवा.

मी कुठला ऐकतो! मीही एक बोट वाढवलं आणि चालू केलं. “शेट, मले हे डीजे-बिजे काई नाई पाह्यजे. माह्या लेकराईले खेळाले जागा पाह्यजे. गरिबाघरचे पोट्टे हायेत. तुमी इथं गोदाम बांधलं तं ते जातीन कोठी?”

तो हात एकदम सैल पडला. थांबला. नुसता माझ्या हातात राहिला, शांत. मला वाटलं, जिंकलो! आता थोडासा धक्का दिला की शेट गारद. आणि त्या धक्क्यासाठी मी काय निवडलं असेल? माझं घर.

“अन् घरी तं माह्यी काय हालत हाये, सांगाची सोय नाई. बायकोले कबड्डी म्हटलं का कपायात तिडीक. आज बी तिले खोटं सांगून आलो का मीटिंग हाये म्हणून. तिले समजलं तं मले घरात घेणार नाई.”

तीन बोटं! एकदम! माझी करंगळी पिळवटून निघाली.

मला वाटलं शेटला अजून दया आली नाही. म्हणून मी आणखी दुःख ओतलं. “लय कडक बाई हाये, शेट. बचत गट काहाडला तिनं. गावभर पुऱ्या तयत फिरते, बुंदी पाडते, लोकं बोटं चाटतात. अन् नवऱ्याले घरी काय? दोन टाइम खिचडी! कोनाले सांगू?”

तिकडून अख्खा पंजा आवळला गेला. पंजा म्हणजे पाच!

आता अंतरपाट हलायला लागला होता. मी समजलो वारा आहे. बुवांचे खांदे हलत होते. मी समजलो म्हातारपण आहे. माझ्या हातातला हात थरथरत होता, आणि मी समजलो, अखेर शेटच्या डोळ्यांत पाणी आलं! म्हणून मी शेवटचा बाण सोडला.

“तुमची बायको मात्र लय गुणाची असन, शेट. ते शंकरपाळे तिच्याच हातचे ना? नशीब लागते भाऊ त्याले!”

फुस्स! तिकडून कुणीतरी नाकातून हसलं. आणि बुवा? त्यांनी पोट धरायला दोन्ही हात वापरले. पोट धरायला दोन्ही हात लागले, की अंतरपाट धरायला काय उरलं?

अंतरपाट पडला.

समोर सुनंदा. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पदर तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून पाणी. शेजारी तिच्या गटातल्या दोघी बाया जमिनीवर बसून एकमेकींना धरून हसत होत्या. आणि तिचा हात अजून माझ्या हातातच.

“तू?” माझा आवाज फाटला. “तू तं रोहिणखेडले होती ना!”

“अन् तुमची मीटिंग झाली काय?” सुनंदा म्हणाली. “काय भाव चालू हाये युरियाचा?”

तेवढ्यात कुठूनतरी टाळ्या पडायला लागल्या. पोरं सरावाला आली होती आणि व्हरांड्यात उभं राहून सगळा प्रकार बघत होती. खाली पडलेला अंतरपाट, आम्ही हातात हात घेऊन उभे. इरफानने घसा साफ केला आणि सुरात आरोळी ठोकली, “शुभ मंगल साऽवधान!” एकाने तर केळी फेकली अक्षता म्हणून. मीच आणलेली केळी!

मग हळूहळू उलगडा झाला. मलकापूरच्या शेटने केव्हाच माघार घेतली होती. मागच्या नाल्याचं पाणी गोदामात शिरेल म्हणून. सुनंदाच्या गटाला स्वतःचं स्वयंपाकघर आणि पंगतीला जागा हवी होती, म्हणून बायांनी पैसे जमवून बोली लावली होती. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, “तुमाले सांगलं असतं तं संध्याकायपर्यंत जिल्ह्यात झालं असतं.” खरंच आहे ते. म्हणजे दिवसभर त्या लॉनवर गिऱ्हाईक दोनच. मी आणि माझी बायको. आणि आम्ही दोघांनी मिळून आमच्याच घराला कापत आणलं होतं.

“बुवा, तुमाले समजून राह्यलं होतं ना? एका शब्दानं बोलले असते तं?”

“सकाळीच सांगलं,” बुवा डोळे पुसत म्हणाले. “जीभ नसते आमाले.”

रफिकचाचांना बोलावणं गेलं. काठी टेकत आले, सगळं ऐकलं, आणि तिथल्या नवरदेवाच्या सिंहासनावर बसून असे हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग गंभीर झाले.

“मियाँबीवीच्या झगड्याची कमाई मले हजम होनार नाई,” म्हणाले. “पहली फेरी में ज्याची बोली बडी, त्याच भावात त्याले दिली. बाद का सब माफ.”

पहिल्या फेरीत माझी दोन बोटं होती. तिची तीन.

त्यामुळे ‘गुलशन’ची मालकीण सुनंदा आणि तिचा गट. चाचांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला, आणि देताना म्हणाले, “बेटी, ये पोराईले खेलने दे.” सुनंदाने वाकून नमस्कार केला.

“चाचा, खेळतीन. पण एक अट हाये.” ती पोरांकडे वळली. “लग्नाच्या दिवशी पंगत वाढाले याचं. सगळ्याईनं.”

“हाव काकू!” पोरं एका आवाजात ओरडली. इतक्या जोरात ती मैदानातही ‘कबड्डी’ म्हणत नाहीत.

तेव्हापासून ‘बुलंद बढे’ संघ पंगतीत वाढतो आणि संध्याकाळी त्याच मातीत खेळतो. बुंदी खाऊन पोरांच्या अंगात असं बळ आलंय की विचारू नका. मैदान वाचलं, बायांना जागा मिळाली, मी खूश आहे, अगदी मनापासून खूश. फक्त पोरं हल्ली ‘मालक’ म्हणून हाक मारतात तेव्हा मी आधी मागे वळून बघतो, सुनंदा आली की काय. पंगतीत माझ्याकडे मठ्ठ्याची बादली असते. ते काम कॅप्टनने मला दिलंय.

पण खरा मार अजून पुढे आहे. त्या दिवशी आम्ही दोघं पायी घरी निघालो. किल्ल्या तिच्या कमरेला वाजत होत्या. शेवटी मला राहवलं नाही.

“सुनंदा, एक सांग. मी तं नाई वळखलं. तुले केव्हा समजलं का समोर मी हाये?”

“शंकरपाळ्याईच्या वक्ती शंका आली. हात धरल्यावर पक्कं झालं. करंगळी वाकडी हाये ना तुमची.”

“म्हणजे पयलेच समजलं! मंग थांबली काऊन नाई वं तू? नवरा समोर हाये हे मालूम असून भाव वाढवून राह्यली होती?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने पुन्हा डोळे पुसले.

“लग्न झाल्यापासून तुमी मनातलं कधी धड बोलले माह्यासंगं?” ती म्हणाली. “आज एकेक बोट दाबलं का एकेक खरं बाहेर पडत होतं. म्हटलं, महाग पडलं तरी चालन. अजून काय काय निघते ते तं पाहू!”